रानात बसावे घटकाभर

सज्जनहो, मन आवरत नाही ही तक्रार अर्जुनानेही केली. पण त्याच सहाव्या अध्यायात देवाने त्याआधीच बसायची जागा कशी असावी ते सांगून ठेवले आहे. माउलींनी त्या जागेचे वर्णन करताना सदा फळणारी झाडे, निर्मळ झरे, पाण्याकाठचे हंस असे सारे रान उभे केले. मोरालाही मज्जाव केला नाही.

कोणी म्हणेल, "महाराज, आम्ही तर जन्मभर रानातच आहोत, मग जीव का घाबरा होतो?" प्रश्न खरा आहे. २०१५ साली राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळबरोबर आपला धाराशिव जिल्हा निवडला, तो उगीच नव्हे. पण बाबांनो, रानात उभे राहून आपण पाहतो काय? पिकात भाव पाहतो, बांधावर भाऊबंदकी पाहतो. झाड पाहायचे राहूनच जाते.

तेरला गोरोबाकाकांनी माती तुडवली ती पोटासाठीच. पण चित्त मडक्याच्या दामावर नव्हते, नामावर होते.

म्हणून दिवसातून घटकाभर रानाकडे काही मागू नका. लिंबाखाली नुसते बसा. येडशीला गेलात तर रामलिंगाच्या दरीत श्रावणातले पाणी ऐका. मुखी नाम असू द्या. एवढ्याने कर्ज फिटणार नाही. पण 'कर्ज म्हणजेच मी' ही गाठ सैल होईल. आणि ज्याची गाठ तरीही सुटत नाही, त्याला एकटा सोडू नका. हाताला धरून पारावर आणा, दवाखान्यात न्या. हीही हरिसेवाच आहे.

रामकृष्णहरी!