बाहीवरचा पक्षी

ओक्लाहोमा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांच्या नॅशनल गार्डमधून अमेरिकेची ४५वी पायदळ डिव्हिजन उभी राहिली. १९२४ साली तिला बाहीवर लावायची खूण मिळाली: तांबड्या चौकोनात पिवळे स्वस्तिक. चौकोनाच्या चार बाजू म्हणजे चार राज्ये, तांबडा-पिवळा रंग तिथल्या जुन्या स्पॅनिश राजवटीचा, आणि स्वस्तिक मूळ रहिवाशांच्या मानाखातर. त्यांच्यासाठी ती मंगल खूण होती. उंबऱ्याशी स्वस्तिक रेखणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

पुढे जर्मनीत नाझींचे राज्य आले. १९३९ साली डिव्हिजनने स्वस्तिक उतरवले. १९४० मध्ये नवाहो, होपी, अपाची आणि पापागो जमातींच्या प्रतिनिधींनीही आपल्या विणकामात, टोपल्यांत ते वापरणार नाही अशा घोषणापत्रावर सह्या केल्या. दोष दुसऱ्याचा, आणि सोडावे लागले यांना. याची चुटपुट आजही लागते.

नवे चिन्ह रेखाटले कायोवा जमातीचे चित्रकार वूडी बिग बो यांनी. चौकोन तोच, रंग तेच. आत पंख पसरलेला, मेघगर्जना करणारा थंडरबर्ड. हा पक्षी लावून डिव्हिजन १९४३ च्या जुलैत सिसिलीत उतरली, सालेर्नो आणि आंझिओला लढली. क्रीक जमातीच्या अर्नेस्ट चिल्डर्स यांना इटलीतल्या पराक्रमासाठी मेडल ऑफ ऑनर मिळाले.

२९ एप्रिल १९४५ रोजी तिचे सैनिक डाखाउच्या छळछावणीत शिरले. त्याच दिवशी ४२वी डिव्हिजनही तिथे पोचली. छावणीबाहेर रुळांवर प्रेतांनी भरलेली आगगाडी उभी होती. ती पाहून काही सैनिकांचा तोल गेला आणि शरण आलेल्या एस.एस. पहारेकऱ्यांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. तो संताप कुणालाही समजेल. कृत्य मात्र चूकच होते. तेव्हा लेफ्टनंट कर्नल फेलिक्स स्पार्क्स मध्ये पडले, पिस्तुलाचे बार हवेत काढले आणि ओरडून आपल्याच माणसांना थांबवले. थांबवणाऱ्याच्या बाहीवर जो पक्षी होता, तोच झाडणाऱ्यांच्याही होता.

लष्कराने नंतर या प्रकाराची चौकशी केली. छावणीत तीस हजारांहून अधिक कैदी जिवंत सापडले होते. टायफसची साथ पसरलेली होती, म्हणून सुटका होऊनही त्यांना लगेच बाहेर सोडता येईना. अन्न आणि औषधे आत पोचवण्याचे काम सुरू झाले.