आधी सरकतात, मग वाढतात

भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या एका पोराला कावीळ झाली. त्याचे मालक सहज म्हणाले, "लिव्हरचं काय घेऊन बसलात? अर्धं कापलं तरी परत वाढतं. आठ दिवसांत येईल कामावर." ते वाक्य डोक्यातून जाईना.

उंदराचं दोन तृतीयांश यकृत काढलं तरी काही दिवसांत वजन भरून निघतं, हे हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्येच दाखवलं. जिवंत माणसाचं यकृतदान याच भरवशावर चालतं. पण यकृताचा कापलेला खंड पुन्हा उगवत नाही, उरलेले खंड मोठे होतात. शिवाय शस्त्रक्रियेत मागे राहतो तो निरोगी भाग. कावीळ चिघळली किंवा उंदीर मारायचा पिवळा फॉस्फरस पोटात गेला, तर मेलेल्या पेशी आतच पडून राहतात. ताण्याचा धागा तुटून माग चालूच राहिला तर कापड लांबत जातं, पण आधी पडलेली रेघ बुजत नाही. वाढणं वेगळं, भगदाड बुजणं वेगळं.

२०२४ मध्ये एडिनबरोच्या नील हेंडरसन यांच्या गटानं निकामी झालेल्या मानवी यकृतांत पेशीपेशीगणिक कोणती जनुकं चालू आहेत ते तपासलं. काही यकृतपेशींत 'एएनएक्सए२' हे जनुक जागं झालेलं होतं. उंदरांत अशा पेशी जखमेच्या काठावरून मेलेल्या जागेत सरकताना दिसल्या. जखम आधी मिटली, विभाजनानं जोर नंतर धरला. ते जनुक दाबलं, तर सरकणंच मंदावलं. आतड्याकडून येणारं रक्त थेट यकृतात शिरतं, म्हणजे भगदाड उघडं राहिलं तर आतड्यातल्या जंतूंना वाट मिळते, हे लक्षात घेतलं की आधी मिटणं, मग वाढणं हा क्रम किती मोलाचा आहे ते कळतं.

इथं थोडं आडवाटेनं जातो. जपानमध्ये नाकामुरांना १९८४ मध्ये यकृतपेशी वाढवणारं प्रथिन सापडलं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्टोकरना पेशींना एकमेकींपासून सोडवून पांगवणारं प्रथिन सापडलं. काही वर्षांनी उलगडा झाला की दोन्ही प्रथिनं एकच! 'वाढ' आणि 'हल' हे दोन्ही निरोप एकाच रेणूत.

मालकांचा भरवसा फाजील आहे, हे दाखवायला मी बसलो होतो. आता वाटतं, त्यांनी यकृताला कमीच लेखलं. ते नुसतं वाढत नाही, आधी घाव मिटवतं. पण त्यासाठी काठावरच्या पेशी धडधाकट लागतात, आणि त्यांना दारू, वाटेल तशा गोळ्या, जडीबुटीचे काढे यांतलं काहीही सोसायला लावता येत नाही. साध्या काविळीतून बहुतेक जण बरे होतात, पण कुणाला किती आठवडे लागतील ते रक्ताचा रिपोर्ट सांगेल, मालक नव्हे. त्या पोराची मजुरी मीटरवर आहे. पैसे बंद झाले तर तो आठ दिवसही थांबणार नाही, चौथ्या दिवशीच मागावर उभा राहील. तेव्हा मालकांनी रिपोर्ट नीट येईपर्यंत त्याला घरबसल्या पैसे द्यावेत.