तारेनं बांधलेलं बॉनेट

मागच्या महिन्यात थोरल्याच्या गाडीचं बॉनेट नीट बसेनासं झालं. दाबलं की कधी खट् आवाज यायचा, कधी यायचा नाही. मेकॅनिकनं खटक्यातली माती काढली, ग्रीस भरलं, केबल ओढून दिली. चार दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. पोरगा म्हणाला, "आण्णा, चालतंय की. दोनदा आपटलं की बसतंय. आणि नाहीच बसलं तर आत दुसरा आकडा हाय, तो धरतोय."

त्याचं खोटं नव्हतं. आताच्या गाड्यांना दोन कड्या असतात. पहिली आतल्या केबलनं सुटते, दुसरी फटीत बोट घालून सोडवावी लागते. पहिली कधीतरी दगा देणार, हे धरूनच दुसरी बसवलेली असते. पण त्याचं ते "चालतंय की" ऐकलं आणि माझ्या पोटात कालवलं. कारण हेच शब्द मी १९९६ साली रोज सकाळी स्वतःला ऐकवत होतो.

तेव्हा मी वडाप चालवायचो. विटा ते आटपाडी, जुनी जीप. बॉनेट काचेकडच्या बाजूला बिजागरीवर, आणि पुढून दोन्ही मडगार्डांवर एकेक स्प्रिंगचा आकडा. डाव्या आकड्याची स्प्रिंग मेली. त्या दिवशी स्टँडवर माझा नंबर लागलेला, म्हणून पक्कड आणि बाईंडिंगची तार घेऊन दोन पीळ मारले आणि गाडी भरली. संध्याकाळी बदलू म्हटलं. ती संध्याकाळ आठ महिने आली नाही.

आकडा महाग होता म्हणाल तर तसंही नाही. एका दिवसाच्या कमाईत दोन्ही बाजूंचे येऊन वर चहापाणी झालं असतं. पण गाडी गॅरेजला लावली की नंबर जातो, एक खेप बुडते. एवढंच कारण. पासिंगच्या वेळी दुसऱ्याच्या जीपचा आकडा उसना आणून लावला आणि दुपारी परत केला. म्हणजे तार चुकीची आहे हे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणताच येत नाही.

रेडिएटरला पाणी घालायला रोज बॉनेट उघडायचं. रोज तार सोडायची, रोज तिथंच पिळायची. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, हे कुंपण बांधणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

आटपाडीच्या बाजाराचा दिवस होता. आत तेरा-चौदा माणसं, कोंबड्या, डालगी. वडापात ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक जण बसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्या दिवशी तिथं शाळेचा एक पोरगा होता. भिवघाट मागं पडला, करगणीच्या रस्त्याला गाडीनं वेग घेतला. तेवढ्यात पुढं काहीतरी टिंगकन वाजलं. डावी बाजू उचलली, वारा आत शिरला, उजवा आकडा एकट्यानं किती धरणार? धाडकन बॉनेट काचेवर येऊन आदळलं. काचेला जाळं पडलं आणि पुढं नुसता पत्रा. डोकं बाहेर काढावं तर उजवीकडं तो पोरगा.

तोच ओरडला, "मेंढरं! मेंढरं हायती पुढं!"

मी ब्रेक दाबत गेलो. एकदम दाबला असता तर गाडी आडवी झाली असती. पोरगा बाहेर लोंबकळून सांगत होता, "सरळ... सरळच घ्या... थांबवा." थांबली तेव्हा पहिलं मेंढरू बंपरपासून दोन हातांवर होतं. मेंढक्यानं काठी आडवी धरली होती, जणू काठीनं जीप अडणार होती.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पोराचं कोपर तेवढं जरा सोललं. आणि मग सगळे मलाच शाबासकी द्यायला लागले. "डायवर तयारीचा हाय, दुसरा असता तर पलटीच!" कुणी पाठीवर थाप मारली, कुणी तंबाखू मळून दिली. मी ती घेतली.

एक म्हातारी तेवढी काही बोलत नव्हती. सावकाश उतरली, पुढं आली आणि मडगार्डावर लोंबणाऱ्या तारेकडं बघत म्हणाली, "लेकरा, तुला ठावं हुतं का रं हे?"

मी म्हणालो, "न्हाय आज्जी. वाटंत खटका तुटला म्हणून मागच्या फाट्यावर बांधली."

शेजारी तो पोरगा उभा होता. त्यानं मला सकाळी विट्याच्या स्टँडवर तार पिळताना बघितलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं, आणि गप्प बसला. ज्यानं मला डोळे उसने दिले, त्यालाच मी माझ्या खोट्यात भागीदार करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे नवे बसवले. वरून चामड्याचा पट्टाही आवळला. गाडीचं काम तिथं संपलं.

पुढं जीप विकली. बाहेरून बी. ए. करताना विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाच्या १८७७ सालच्या एका निबंधाची ओळख झाली. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीचं. त्याच्या मनात शंका येते. पण एवढ्या फेऱ्या झाल्या, ही पण होईल, अशी समजूत घालून तो माणसं भरून जहाज सोडतो. ते बुडतं. दोषी कोण, ते उघडच आहे. पण क्लिफर्ड पुढं विचारतो, समजा जहाज सुखरूप पोचलं असतं तर? आणि त्याचं उत्तर असं की, दोष तेवढाच राहतो. फक्त तो उघडा पडत नाही.

ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. माझं जहाज पोचलं होतं. आणि मला तर तंबाखूही मिळाली होती.

बरं, तार बांधणं हेच पाप म्हणावं, तर आमचं सगळं गाव पापी ठरेल. कुळवाला दोरी, खुरप्याच्या मुठीला चिंधी, पत्र्यावर धोंडे. बांधल्याशिवाय गरिबाचा संसार चालत नाही. पण कुळवाची दोरी तुटली तर माझाच पाय दुखावणार असतो, आणि दोरी आहे हे मला ठाऊक असतं. जीपमधल्या चौदा जणांना ठाऊक नव्हतं. मेंढक्याला तर नव्हतंच. तो आपला पायानं चालला होता.

मग आधी सांगितलं असतं तर माझी सुटका झाली असती का? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. "बॉनेट तारेवर हाय, बसायचं तर बसा" म्हटलं असतं, तरी माणसं बसलीच असती. बाजार गाठायचा होता, एसटी वेळेवर येईल याचा नेम नव्हता. ज्याच्यापुढं दुसरी वाट नाही, त्याच्या होकारावर आपलं ओझं टाकता येत नाही. तेव्हा सांगणं ही निम्मीच गोष्ट. आकडा बदलणं ही दुसरी निम्मी, आणि ती माझ्या एकट्याच्या हातात होती.

हे सगळं मी थोरल्याला सांगितलं. घरात पहिल्यांदाच. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्या आज्जीला नंतर खरं सांगितलं का?"

"नाही. पुन्हा कधी दिसलीच नाही."

"आणि तो पोरगा?"

तो दिसला होता. दोनदा. विट्याच्या स्टँडवर. दोन्ही वेळा तो दुसऱ्या गाडीत जाऊन बसला, आणि मी त्याला हाक मारली नाही.

थोरला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन गेला आणि नवा खटका बसवून दुपारी परत आला. अंगणात त्यानं बॉनेट एकदाच खाली सोडलं. खट् वाजलं. मग त्यानं पुढची कड दोन्ही हातांनी धरून वर ओढून बघितली.