शिफारशीविना आलेलं पुस्तक

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक पंचविशीत होता. पुढे ती अभ्यासक्रमांत गेली, तिच्यावर प्रबंध लिहिले गेले, नेमाड्यांना 2014 चा ज्ञानपीठ मिळाला. पण कितीतरी जणांना ती वर्गाबाहेरच भेटली: कुणाला वसतिगृहातल्या मित्राच्या उशाशी, कुणाला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर. मला ती रद्दीच्या एका कोंदट दुकानात सापडली.

जुन्या गाईडांच्या आणि दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली ती दबली होती. बांधणी उसवलेली, कडांना कसर लागलेली. आधीच्या वाचकाने पेन्सिलीने ठिकठिकाणी रेघा मारल्या होत्या: खानावळीच्या भानगडी, परीक्षा, वडिलांशी उडणारे खटके. कादंबरीचा नायक पांडुरंग; त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, त्या पानांवर मात्र एकही रेघ नव्हती. तिथे त्या अनोळखी माणसाचा हात थांबला होता. वाचनात आपण एकटे नसतो, हे मला त्या कोऱ्या समासांनी शिकवलं.

खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा नापास होऊन गावी परततो, अशी गोष्ट कुठला वडीलधारा मुलाच्या हाती आपणहून देईल? त्या वयात तर जो तो आपल्याला काय व्हायचं ते सांगत असतो. अशा वेळी कुणीही न सुचवलेलं पुस्तक हाती लागलं, की ते चांगलं की वाईट हे पहिल्यांदाच स्वतःला ठरवावं लागतं. माझ्या मते वाचकाचा जन्म इथे होतो. आज मोबाइल आपल्या जुन्या आवडीनिवडी मोजून पुढचं पुस्तक सुचवतो. रद्दीच्या ढिगाला आपली आवड ठाऊकच नसते, म्हणून तो आपल्याला आपल्या आवडीपलीकडे नेऊ शकतो.

रद्दीत गेलेल्या कागदाचा बहुधा लगदाच होतो. तराजूत पडायच्या आधी एखादं पुस्तक बाजूला काढून फळीवर ठेवणारा माणूस असतो, म्हणून ते पुढच्या तरुणापर्यंत पोचतं. आपण वाङ्मयाची परंपरा समीक्षकांच्या आणि पुरस्कारांच्या नावाने मांडतो. त्या मांडणीत या माणसालाही मानाची जागा द्यायला हवी. कादंबरी गाजते ती समीक्षेने आणि पुरस्कारांनी. ती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते ती अशा हातांमुळे.