समोरच्याचे डोळे

गेल्या पावसाळ्यात शेलारच्या पुढे बाबांनी एक खड्डा चुकवायला म्हणून स्टिअरिंग वळवलं आणि गाडी त्याच्याहून मोठ्या खड्ड्यात घातली. टायर फुटला, रिम वाकली. घरी आल्यावर आई बराच वेळ बोलत होती. बाबा एवढंच म्हणाले, "दिसलाच नाही गं."

बाबा एकसष्टचे आहेत आणि गाडी 2006 ची. दर शनिवारी रात्री दुकान बंद करून ते भिवंडीहून अंबाडीच्या पुढे, गावी आजीकडे जातात. नदीनाका मागे पडला की वाडा रोडवर रस्त्याचे दिवे विरळ होत जातात, आणि समोरून गोदामांकडे निघालेले ट्रक-कंटेनर येत राहतात. खड्डे बुजवणं माझ्या हातात नव्हतं. हेडलाईट बदलणं होतं.

ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. आमच्या गाडीत जुने हॅलोजन बल्ब, 60/55 वॉटचे. वरची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडलेली, कुणाच्या जुन्या चष्म्यासारखी. दुकानदाराने एलईडीची जोडी काढून दाखवली. मी विचारलं, "समोरच्याला त्रास नाही ना होणार?" तो हसला. "भाऊ, समोरचे सगळे हेच लावून येतायत. तुम्हीच कशाला आंधळे राहता?"

मला ते पटलं. आजही त्या वाक्याला चोख उत्तर देणं सोपं नाही.

पहिल्या रात्री आम्ही दोघं हरखून गेलो. झाडांचे बुंधे, तारेचं कुंपण, लांबच्या गावाची पाटी, सगळं पांढऱ्याशुभ्र उजेडात. बाबा म्हणाले, "असा रस्ता तर मी कधी पाहिलाच नव्हता." फक्त समोरच्या गाड्या आम्हाला सारखा अप्पर मारत होत्या. "आपण तर डिपरवरच आहोत," बाबा म्हणाले, आणि आम्ही विषय सोडून दिला.

तिसऱ्या शनिवारी गाडी मी चालवत होतो. समोरून एक सायकलवाला येत होता. हँडलला डबा, बहुधा लूमवर रात्रपाळीला निघालेला. त्याने एक हात उचलून डोळ्यांवर धरला. सायकल हेलकावली, डांबराच्या कडेवरून खाली खडीत उतरली आणि तो पडला. आमच्या गाडीचा त्याला धक्काही लागला नव्हता. मी थांबलो, धावत गेलो. गुडघा सोलवटला होता. डब्यातला डाळभात चिखलात सांडला होता. मला वाटलं, शिव्या देईल. तो कपडे झटकत म्हणाला, "कुछ दिखाई ही नहीं दिया."

बाबांचंच वाक्य, दुसऱ्या भाषेत.

मी शंभर रुपये पुढे केले. त्याने ते घेतले आणि सायकल हातात धरून चालत गेला. नको म्हणाला असता तर मला इतकं ओशाळल्यासारखं वाटलं नसतं.

नंतर मी हेडलाईट कसा चालतो ते समजून घेतलं. जुन्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. तिचं काम उजेड अडवणं. ती अर्धा उजेड आरशावर पडूच देत नाही, आणि म्हणून पुढे पडणाऱ्या झोताला वरून एक कड येते. त्या कडेच्या खाली उजेड, वर अंधार. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून ही कड डावीकडे, पदपथाच्या बाजूला थोडी वर चढते आणि उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या बाजूला, खाली राहते. आरशाचा प्रत्येक वळसा त्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. तिथे वेगळ्याच आकाराचा एलईडी बसवला की हिशेब चुकू शकतो, आणि उजेड जिथे जायला नको तिथेही उधळतो. आम्ही डिपरवर होतो हे खरं, पण आमचा डिपर समोरच्यासाठी अप्परच होता.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये 106 क्रमांकाचा नियम याबद्दलच आहे. दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले कुणाचेही डोळे दिपू नयेत, असा झोत खाली वळवलेला हवा. मला हा नियम वाचून गंमत वाटली आणि मग वाटेना. रस्त्यावर एक माणूस उभा आहे, त्याचे डोळे अमुक उंचीवर आहेत, असं कायद्याने आधीच धरून ठेवलंय. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण त्याच उंचीवर येतात.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने एक कसोटी दिली होती: तू ज्या नियमाने वागतोस तो सगळ्यांचा नियम व्हावा असं तुला म्हणता येईल का? सगळ्यांनी झगझगीत दिवे लावले तर कुणालाच दिसणार नाही, म्हणून लावू नये. इथवर ठीक. पण वाडा रोडवर बहुतेकांनी ते आधीच लावलेत. मी एकट्याने मंद दिवा ठेवला तर रस्ता सुधारणार नाही, फक्त माझ्या बाबांना कमी दिसेल. आणि वय वाढतं तसे दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ घेतात. बाबांना सुखरूप घरी आणणं हेही माझं कर्तव्यच आहे. चांगुलपणाची किंमत त्यांनी का मोजायची?

बरेच दिवस मी या हिशेबात अडकलो होतो. मग लक्षात आलं की त्यात फक्त हेडलाईटवाले मोजलेत. ‘सगळे लावतात’ यातल्या ‘सगळ्यां’मध्ये तो सायकलवाला नाहीच. त्याच्या सायकलला दिवा नाही. रात्री कडेने चालत घरी जाणाऱ्या बाईला नाही. आम्ही गाडीवाले एकमेकांशी बरोबरी करत उजेड वाढवत नेतो, आणि ज्यांच्याकडे या खेळात उतरायला काहीच नाही ते खडीत उतरतात. समोरच्या ट्रकने मला दिपवलं याचा बदला मी ट्रकवर घेत नाही. ट्रकवाला उंचावर बसलेला असतो. माझा उजेड पोचतो तो त्या सायकलवाल्यापर्यंत.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना त्यांच्या तरुणपणीच्या गाड्या आठवल्या. तेव्हा हेडलाईटच्या काचेवर काळ्या रंगाचा ठिपका असायचा, ट्रकांच्या दिव्यांचा वरचा भाग काळा फासलेला असायचा. उजेडासाठी पैसे मोजायचे आणि त्यातलाच थोडा स्वतःच्या हाताने झाकायचा. "आम्हाला तेव्हा आरटीओची भीती होती," बाबा म्हणाले, "चांगुलपणा वगैरे काही नाही." असेल. पण भीतीने लावलेल्या ठिपक्यानेही समोरच्याला रस्ता दिसतच होता.

शेवटी एलईडी काढले. पिवळी काच घासून, पॉलिश करून घेतली. नवे हॅलोजन बसवले, तेवढ्याच वॉटचे, आणि जुन्या वायरिंगमध्ये उजेड मरू नये म्हणून रिले टाकून घेतला. एका रात्री गोदामाच्या भिंतीसमोर 10 मीटरवर गाडी लावली, भिंतीवर दिव्याच्या उंचीला चिकटपट्टी मारली आणि झोताची कड तिच्यापासून साधारण 10 सेंटीमीटर खाली आणली. डिकीत कापडाचे तागे भरले तेव्हा मागची बाजू दबली आणि कड पुन्हा वर गेली. म्हणजे ओझं वाढलं की उजेड आपोआप दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. आता बाबा तागे शनिवारी नेत नाहीत.

पहिल्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. एलईडीइतकं दिसत नाही. समोरचे अजूनही दिपवतात, आणि तेव्हा बाबा वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवतात. जेवढं दिसतं तेवढ्याच वेगाने जायचं, असं आमचं ठरलंय. चांगुलपणाची किंमत कुणी मोजायची, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला यापेक्षा मोठं सापडलेलं नाही. ती वीसेक मिनिटांची निघाली, आणि ती बाबाच मोजतात.

शनिवारी निघताना ते आजीला फोन करतात. "तू जेवून घे, मला उशीर होईल." ती अर्थातच जेवत नाही.