निळ्या रंगाजवळ थोडं थांबू

चौदाव्या शतकातला एक थाळा डोळ्यांसमोर आणा. चिनीमातीचा, पांढराशुभ्र, दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा मोठा. घाई नको. आधी नुसता त्यावरचा निळा रंग पाहा.

तो सगळीकडे सारखा नाही. कुंचला जिथे रेंगाळला तिथे निळा गडद झालाय, मधूनच काळपट ठिपके उमटलेत. नजर त्या ठिपक्यांवर राहू द्या. ते लोहाचे आहेत. निळा रंग देणारा हा लोहयुक्त कोबाल्ट पश्चिमेकडून, बहुधा इराणातून आला. तिथल्या काशान शहरातले कुंभार तो आधीपासून वापरत होते. चीनमधल्या चिंगदेचेनच्या कारागिराने कच्च्या भांड्यावर या कोबाल्टने वेल काढली, तेव्हा ती काळी-करडी दिसत होती. वरून झिलई चढली, भट्टी १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली, तेव्हा कुठे ती निळी झाली. म्हणजे रंगवताना त्याच्या डोळ्यांपुढे निळा नव्हताच. मन इथे थोडा वेळ टेकू द्या.

आता आकार पाहा. चीनमध्ये जो तो आपल्या लहान वाडग्यातून जेवे. एवढा थाळा लागे तो पश्चिम आशियात, जिथे चारचौघं एकाच ताटाभोवती बसत. नक्षीही वर्तुळामागून वर्तुळ, काठोकाठ भरलेली, तिकडच्या धातूच्या भांड्यांवर असते तशी. वर्तुळांतली कमळं आणि बदकं मात्र चीनची.

याला नुसता इस्लामी प्रभाव म्हणणं मला अपुरं वाटतं. गिऱ्हाइकाची पंगत आणि कारागिराची भट्टी, दोन्ही या एका भांड्यात मुरलेल्या आहेत. पुढे चंगदे सम्राटाच्या काळात (१५०६-१५२१) तर चिनी भांड्यांवर अरबी-फारसी अक्षरंच उमटली.

शेवटी मनाने इराणात अर्दबीलला चला, सूफी संत शेख सफींच्या दर्ग्यात. १६११ मध्ये इराणच्या शहा अब्बासने तिथे हजाराहून अधिक चिनी भांडी वक्फ (धर्मादाय दान) केली आणि त्यांवर आपल्या नावाचा ठसा कोरवला. कठीण झिलई, त्यावर टोकदार हत्यार, आणि भांडं तडकू न देणारा हात. त्या हाताकडे सावकाश पाहा. त्यातली बरीच भांडी आज तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.