मॅच संपल्यावर कुठली पेठ?

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात एका गुरुवारी आरतीनंतर प्रसाद वाटत होतो, तेव्हा एका कॉलेजच्या मुलानं विचारलं, "काकू, दर वेळी ऐकतो की 'माझं-तुझं' सोडा. मग आपल्या टीमवर जीव लावणं चूक आहे का?" आम्ही घाईत होतो. "खेळाकडे खेळ म्हणून बघावं रे बाळा," म्हणालो आणि हातावर शिरा ठेवला. तो हसला आणि गेला. पण उत्तर पोकळ होतं, हे आमचं आम्हालाच कळलं. कारण त्याच आठवड्यात आमच्या सेवेतल्या एका ताईंच्या माहेरी याच गोष्टीवरून रडारड झाली होती. त्यांना विचारून, नावं न घेता, ती हकीकत इथे लिहीत आहोत.

ताईंचं माहेर कोल्हापूरचं. आपल्या वडोदऱ्याच्या मुलांना फुटबॉल म्हटलं की टीव्हीवरचे परदेशी क्लब आठवतात. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... यातली बरीच नावं कुस्तीच्या तालमींची आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, पेठेपेठेतल्या तालमींना बळ आलं. पुढे त्याच तालमींच्या पोरांच्या पायात फुटबॉल आला आणि लाल मातीतली ईर्षा मैदानावर आली. शाहू स्टेडियमवर लीगचे सामने असले की माणसं भर उन्हात बसून राहतात. खेळणारे बहुतेक नोकरी, धंदा, शिक्षण सांभाळून खेळणारे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजूही पेपरात वाचायला मिळते. मॅचनंतर हाणामारी, दगडफेक, पोलीस बंदोबस्त, कधी स्पर्धाच थांबवायची वेळ.

तर ताईंच्या धाकट्या बहिणीला दिलंय दुसऱ्या पेठेत. माहेराहून सासर चालत दहा मिनिटांवर. पण दोन्ही पेठांचे संघ पिढ्यानपिढ्या एकमेकांसमोर उभे राहणारे. त्या दिवशी माहेरच्या पेठेचा संघ जिंकला. भावाच्या मुलानं, वय वर्षं एकोणीस, आनंदाच्या भरात घरच्या ग्रुपवर समोरच्या पेठेच्या नावाला हार घातलेला फोटो टाकला. खाली लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पोरासोरांनी हसण्याची चित्रं टाकली.

पण बहिणीचे सासरे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जन्मभर ते त्याच संघाच्या मॅचला जात. शेवटच्या दुखण्यातसुद्धा मुलाला विचारायचे, "आज किती झाले?" त्यांच्या मुलानं, म्हणजे बहिणीच्या यजमानांनी, तो फोटो बघितला आणि एक शब्दही न लिहिता ग्रुप सोडला.

चार दिवसांनी भाचीचा साखरपुडा होता. बहीण एकटीच आली. तिथे कुणीतरी गमतीनं म्हणालं, "काय गं, हरलेल्या पेठेतनं आलीस होय?" तेव्हा ती हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली, "माझी पेठ कुठली, ते एकदा सांगा बघू. जन्मले इकडं, नांदते तिकडं. तुमी जिंकला की माझं एक घर हसतंय आणि एक घर जेवत नाही. मी कुठं जाऊ?"

ताईंनी हे फोनवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात येऊन आम्हाला सांगितलं. भाजी निवडता निवडता आम्ही सगळ्याच गप्प झालो. तिचा प्रश्न त्या मुलाच्या प्रश्नाचाच दुसरा भाग होता.

तेव्हापासून आम्ही आपसात यावर पुष्कळ बोललो. जे सुचलं ते मांडत आहोत. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपली भाषा किती बारकाईनं बोलते बघा. सामना 'चुरशीचा' होतो. कोल्हापूरकर म्हणतात, 'ईर्षेनं खेळला', आणि ते कौतुक असतं. मग 'खुन्नस' येते आणि शेवटी 'वैर'. एकाच जिन्याच्या या पायऱ्या वाटतात, पण तिसरीवर गेलं की दिशा बदलते. चुरशीला समोरचा माणूस हवा असतो. समोरचा संघ आलाच नाही आणि वॉकओव्हर मिळाला, तर गुण मिळतात, पण हलगी कोण वाजवणार? वैराला मात्र समोरचा माणूसच नको असतो. षड्रिपूंमध्ये मत्सर सांगितला आहे. दुसऱ्यापेक्षा चांगलं खेळावं असं वाटणं म्हणजे मत्सर नाही. दुसऱ्याचं वाईट झाल्यावर गोड वाटणं, हा मत्सर. त्या पोराचा आनंद निर्मळ होता, फक्त तो हार घातलेला फोटो त्या आनंदातला नव्हता.

आणि 'आपलं' म्हणजे तरी काय? गेल्या मोसमात समोरून खेळणारा खेळाडू नोंदणी बदलली की यंदा आपला होतो. आफ्रिकेतून आलेले खेळाडूही कोल्हापूरच्या पेठांकडून खेळले आहेत. त्यांना 'आपला' म्हणायला पेठेला एक गोल पुरतो. क्रिकेटचं बघायचं तर विजय हजारे जन्मले सांगलीत, महाराष्ट्राकडूनही खेळले आणि आपल्या बडोद्याकडूनही. कुणी त्यांना परकं मानलं नाही. जर्सी बदलली की माणूस आपला किंवा परका होत असेल, तर राग नेमका कुणावर धरायचा?

आपण बायका हे फार आधीपासून जगत आलो आहोत. लग्न झालं की आपलीही 'नोंदणी' बदलते! म्हणून माहेरची माया कमी होते का? आमच्यातल्या कितीतरी जणी महाराष्ट्रातून गुजरातेत आल्या. दिवाळीला शंकरपाळ्यांबरोबर मठियाही करतात. दोन घरं एका जिवात मावतात. एकावर प्रेम करायला दुसऱ्याचा द्वेष करावा लागत नाही. पेठेतल्या पुरुषांना जे अवघड वाटतं, ते त्यांच्याच घरातली सून रोज करत असते. तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

यावर कुणी म्हणेल, मग पेठेचा अभिमानच सोडावा. आम्हाला ते पटत नाही. अभिमान गेला तर वर्गणी कोण काढणार, पोरांना बूट कोण घेऊन देणार? २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात तालमी-मंडळांची पोरं लोकांच्या मदतीला उतरली. 'आपली पेठ' म्हणून एकत्र यायची सवय होती, म्हणून हाक मारल्यावर ती लगेच जमली. पाण्यात अडकलेल्याला कुणी विचारलं नाही, तू कुठल्या संघाचा.

कोलकात्याचं उदाहरण याहून मोठं आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची चुरस शंभर वर्षांची. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जण गेले. मॅच बघायला म्हणून घराबाहेर पडलेली माणसं ती. आणि त्याच शहरात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर या दोन संघांचा ठरलेला सामना रद्द झाला, तर दोन्हीकडचे समर्थक स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि त्या लेकीसाठी न्याय मागू लागले. रंग तेच, शहरही तेच. इतक्या वर्षांची चुरस त्यांना एकत्र उभं राहण्यापासून अडवू शकली नाही.

आता स्वतःचं सांगतो, कारण दुसऱ्यांच्या पेठेवर बोलणं सोपं असतं. आमच्या केंद्रात भजनाचे दोन गट आहेत. गुरुपौर्णिमेला पहिलं भजन कुणी म्हणायचं, यावरून दरवर्षी कुजबुज होते. यंदा दुसऱ्या गटाचं भजन चालू असताना त्यांची पेटी बेसूर झाली. तेव्हा आम्ही दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघून डोळ्यांनीच हसून घेतलं. समोर गुरुमाऊलींची तसबीर होती. त्या क्षणी आम्ही कुठल्या पेठेत होतो? त्या एकोणीस वर्षांच्या पोरानं निदान उघड फोटो टाकला. आम्ही लपवून हसलो. ताईंच्या बहिणीची गोष्ट ऐकताना आम्हाला हेच आठवलं, म्हणून तर आम्ही गप्प झालो होतो.

तेव्हापासून आम्ही स्वतःला एक साधी खूण लावून घेतली आहे. आपण जिंकलो तर समोरच्याच्या दारात पेढा घेऊन जाता येईल का? जाता आलं तर ती चुरस. पाय उंबऱ्यातच अडला तर आत काहीतरी तपासायला हवं. दुसरं म्हणजे, घरच्या ग्रुपवर काही टाकण्याआधी तो वाचणारा सर्वांत दुखरा माणूस कोण असेल, त्याचा चेहरा आठवायचा. त्यानंतरही बोट पुढे गेलं तर खुशाल टाकावं.

कोल्हापूरची हकीकत पूर्ण सुटली असं नाही. तो मुलगा आत्याच्या घरी गेला. यजमान फार बोलले नाहीत. पण मुलगा निघताना त्यांनी वडिलांचा एक जुना फोटो काढून दाखवला, खेळाडूंच्या घोळक्यात उभे असलेले. त्यात दुसऱ्या बाजूला, समोरच्या संघाच्या जर्सीत, या मुलाचे आजोबा होते. दोघं एकमेकांच्या विरुद्ध खेळलेले, हे मुलाला माहीतच नव्हतं. ग्रुपमध्ये यजमान अजून परत आलेले नाहीत. येतील असं ताई म्हणतात.

आणि प्रसाद घेताना विचारणाऱ्या त्या मुलाला आता उत्तर देतो: बाळा, टीमवर जीव लाव. गळा बसेपर्यंत ओरड. 'माझं' म्हणण्यात दोष नाही, 'माझं' म्हणताना 'तुझं' पायाखाली घेण्यात दोष आहे. आणि मॅच संपली की समोरच्या पेठेत तुझी एक आत्या राहते, हे विसरू नकोस.

आपल्या घरच्या ग्रुपमध्ये अशी अबोल झालेली एखादी व्यक्ती असेल, तर या गुरुवारी आरतीनंतर तिला फोन करूया. आम्हीही दुसऱ्या गटाच्या भगिनींना पेटी सुरात लावून आणायला मदत करणार आहोत.

जय गुरुदेव.

आपल्या वडोदरा केंद्रातील सेवेकरी भगिनी